जुन्या आउटबोर्डच्या गियरपेटीत पाणी शिरतंय, सील कोणते बदलायचे?

डोंगा_पवनी
गोसीखुर्दच्या पाण्यात मासेमारीला चालणाऱ्या बोटीवर जुनं एविनरूड कंपनीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे लटकवायचं इंजिन) आहे, 15 एचपी, टू-स्ट्रोक. गियर तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन गुंतला होता म्हणून तिथलं सील नुकतंच बदललं. तरी आठ दिवसांत तेल परत पांढरं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेवढ्यात काम उरकायचं आहे. पूर्ण पेटी खोलावी लागेल का?

लेथ_भंडारा
भाऊ, आधी गळती शोधा, मग पाना लावा. तेल पूर्ण काढा, खालचा स्क्रू घट्ट करा, वरच्या भोकात सायकल ट्यूबचा वॉल्व्ह बसेल असा नट लेथवर करून घ्या आणि मध्ये छोटं गेज जोडा. पेटी पाण्याच्या टाक्यात बुडवा. पहिल्यांदा फक्त 4-5 पीएसआय (टायरच्या हवेचं माप) हवा भरा आणि पाच मिनिटं थांबा. दोन्ही शाफ्ट (पंख्याचा आणि इंजिनाकडून खाली येणारा ड्राइव्ह शाफ्ट) हाताने फिरवा, गियरचा रॉड वरखाली करा, बुडबुडे कुठून येतात ते बघा. मगच 14-15 पर्यंत जा, त्यावर नको. थेट जास्त दाब दिला की सीलची ओठ शाफ्टवर घट्ट बसते आणि बारीक गळती लपून जाते. म्हणून ही कमी दाबाची पायरी सोडायची नाही.

हवेचा दाब तेल अडवणारं सील तपासतो. पाणी अडवणाऱ्या सीलसाठी उलटी चाचणी लागते: फ्रिजवाल्याच्या व्हॅक्युम पंपाने गेजवर आधी 5 इंच, मग 15 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युम ओढा आणि काटा स्थिर राहतो का बघा.

वैनगंगा_मेकॅनिक
पंख्याकडे बहुधा दोन सील पाठीला पाठ लावून असतात, आतलं तेलासाठी, बाहेरचं पाण्यासाठी. स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे. दोन्ही एकाच दिशेने बसवली गेली असतील तर नवी असूनही पाणी शिरणारच. शिवाय शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही तिथेच झिजणार, ते दीड-दोन मिमी पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणा. जागा नसेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा.

एक जपा. जॉन्सन-एविनरूडच्या बऱ्याच जुन्या पेट्यांवर तेलाच्या स्क्रूजवळ स्टार पान्याचा एक स्क्रू असतो. तो तेलाचा नाही, आतल्या शिफ्ट लिव्हरची पिन आहे. चुकून काढला की लिव्हर आत सुटते आणि सगळी पेटी उघडावी लागते.

डोंगा_पवनी
5 पीएसआयला पंख्याकडे एकही बुडबुडा नाही. व्हॅक्युमही टिकला. पण गियरचा रॉड हलवला की रॉडभोवती बारीक बुडबुडे येतात.

वैनगंगा_मेकॅनिक
मग गळती रॉडच्या ओरिंगला (रॉडभोवतीच्या रबरी कड्याला) आहे. रॉड स्थिर असताना ती गप्प राहते, म्हणून सापडत नाही. पेटी उतरवून पाण्याचा पंप काढा. रॉडचं बुश वाकड्या हुकने सरळ वर ओढा, स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियम खरवडलं तर नवी ओरिंगही गळेल. रॉडवर गंजाचे खड्डे असतील तर 600 नंबरच्या पेपरने गुळगुळीत करा, खोल असतील तर रॉडच बदला. पंप उघडला आहे तर इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) आणि ड्राइव्ह शाफ्टचं सीलही नवं टाका. शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळा आणि ओठाला ग्रीस लावूनच सरकवा, कोरडी ओठ पहिल्या फेरीतच फाटते.

लेथ_भंडारा
नागपूरला बेअरिंगच्या दुकानात सील मापाने मिळतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुनं सील सोबत न्या, पण माप शाफ्टवर आणि सील बसतं त्या भोकात व्हर्नियरने घ्या, जुनं रबर ताणलेलं असतं.

पेटी डिझेलने धुऊन निथळू द्या. ट्रॅक्टरचं तेल नको, मरीन गियर ऑइल घ्या, थोडं पाणी शिरलं तरी ते गियर सांभाळतं. या इंजिनाला साधारण 260 मिली लागतं. खालच्या भोकातून भरा, वरून बुडबुडे न येता तेल आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. दोन्ही वॉशर नवे. पाच-सहा तास चालवून इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी शिरलं असेल तर तेलाआधी तेच टपकतं.