ऑटो-लॉगिन ठेवायचं की नाही?

"फाइल्स एन्क्रिप्टेड आहेत, मग लॉगिनचा पासवर्ड काढला तर काय बिघडलं?" असं एका वाचकाने विचारलंय. ऑटो-लॉगिन म्हणजे पासवर्ड न विचारता कॉम्प्युटर थेट उघडणं; एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं फाइलचं कुलूप. उत्तर ते एन्क्रिप्शन कुठल्या प्रकारचं आहे यावर ठरतं. विंडोजच्या ईएफएसमध्ये (निवडक फाइल्स एन्क्रिप्ट करायची सोय) फाइलची किल्ली तुमच्या लॉगिनशीच बांधलेली असते. तिथे ऑटो-लॉगिन केलंत, तर मशीन सुरू करणाऱ्या कुणालाही त्या फाइल्स आयत्या मिळतात. मॅकवर फाइलव्हॉल्ट (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) चालू केलं की ऑटो-लॉगिन बंदच होतं, आणि मला ते पटतं.

लिनक्सवर अख्खी डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) एन्क्रिप्ट करा, सुरू होताना एकच लांब पासफ्रेज द्या आणि पुढे खुशाल ऑटो-लॉगिन ठेवा. एकट्याच्या लॅपटॉपला हे पुरतं. (ग्नोम डेस्कटॉपचं कीरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, मात्र बहुधा तरीही पासवर्ड मागेल.) घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील, तर पॅन, आधार, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमच्या वेगळ्या कंटेनरमध्ये (स्वतःचा पासवर्ड असलेली कुलूपबंद फाइल) ठेवा आणि काम झालं की लगेच डिसमाउंट करा, म्हणजे ती पुन्हा बंद करा. ही सवय घरच्यांनाही लावा, कळकळीने सांगतोय.

लोकलने लॅपटॉप नेणाऱ्यांनी नुसतं झाकण मिटू नये. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली रॅममध्येच (चालू मशीनच्या मेमरीत) राहते, म्हणून पूर्ण शट डाउन करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात दुरुस्तीला देताना दुकानदार लॉगिनचा पासवर्ड मागेल, कंटेनरचा द्यायची काहीच गरज नाही. बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) वापरत असाल तर दुरुस्तीला देण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मदरबोर्ड बदलला की विंडोज तीच मागतं.