मदत हवी आहे: कळांदरम्यान होणाऱ्या आतल्या तपासणीची धास्ती

माझ्या धाकट्या बहिणीचे दुसरे बाळंतपण पुढील महिन्यात मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात व्हायचे आहे. पहिल्या खेपेस ऐन कळेत, न सांगता, पडदाही न ओढता वेगवेगळ्या डॉक्टरांनी तिची आतून तपासणी केली. तिला कळांपेक्षा त्याचीच धास्ती अधिक आहे, आणि आता ओपीडीत टेबलावर झोपताच तिचे अंग आखडते, त्यामुळे दुखते आणखीच.

तपासणी टाळायची नाही, कारण गर्भाशयाचे तोंड किती उघडले हे त्यातूनच कळते. मात्र गुंतागुंत नसल्यास कळांच्या सक्रिय अवस्थेत ती दर चार तासांनी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस आहे. ओपीडीतील डॉक्टरांना विचारले असता ‘त्या वेळी बघू’ एवढेच उत्तर मिळाले. तिची प्रकृती उत्तम आहे. खासगी रुग्णालय परवडणारे नाही.

आधी सांगून, कळ ओसरल्यावर आणि शक्यतो एकाच व्यक्तीने तपासावे, ही विनंती केसपेपरवर आधीच नोंदवून घेता येते का, आणि ऐन वेळी लेबर रूममध्ये ती सिस्टरकडे मांडावी की निवासी डॉक्टरांकडे?