अनोळखी शहरात पहाटे एकटीने फिरताना काय बघता?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. प्रवासात मला शहर जागं व्हायच्या आत बघायला आवडतं. रस्ते मोकळे, ऊन नाही, आणि फोटोत दुसऱ्यांची डोकी येत नाहीत! पश्चिमेकडे लांबचा विमानप्रवास केला की पहिले काही दिवस डोळे भल्या पहाटेच उघडतात, त्यामुळे गजराचीही गरज नसते.

अडचण उजेडाची आहे. सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांवर आला की दिव्याशिवाय रस्ता दिसू लागतो. फोटोला हवा तो निळसर उजेड त्याच सुमाराचा, आणि तो लगेच ओसरतो. विषुववृत्ताजवळ तर तिथून सूर्योदयापर्यंत वीसेक मिनिटंच मिळतात. म्हणजे तो उजेड गाठायचा तर खोलीतून अंधारातच निघावं लागणार.

तर अंधारात निघण्याजोगा भाग कोणता, हे तुम्ही कसं ठरवता? हॉटेलात विचारलं की 'उजाडल्यावर जा' एवढंच ऐकू येतं. आदल्या दिवशी संध्याकाळी तोच रस्ता पायी बघून ठेवणं पुरतं का? पासपोर्ट सोबत नेता की नुसती प्रत? एकट्या फिरणाऱ्या मैत्रिणींनी जरूर सांगा. 'कोणाला तरी सोबत ने' हा सल्ला सोडून काहीही चालेल.