घरापुढील तुळशी वृंदावनावर एचओएची नोटीस : पुढे काय करावे?

प्रश्न : अंगणवेल (डॅलसच्या उत्तरेकडील उपनगर, टेक्सस)

आम्ही तीन वर्षांपूर्वी इथे घर घेतले. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीखताच्या, दिवशी सह्या केलेल्या कागदांच्या चळतीत एचओएची (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतील घरमालकांची संघटना) डीड रिस्ट्रिक्शन्सही (घर-जमिनीच्या वापरावरील लेखी निर्बंध) होती, हे मला मान्य आहे. ती आम्ही वाचली नव्हती, हेही मान्य आहे. आजवर दोनदा पत्रे आली. एकदा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसत होता म्हणून आणि एकदा लॉनच्या कडेला तण माजले होते म्हणून. दोन्ही वेळा आम्ही निमूटपणे दुरुस्ती केली.

या वेळचे प्रकरण निराळे आहे. माझे सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले असून रिकामे बसणे त्यांना मानवत नाही. मार्चमध्ये त्यांनी घरापुढच्या लॉनमध्ये, पदपथापासून साधारण आठ फुटांवर, काँक्रीटचे ब्लॉक रचून अडीच फुटी वृंदावन बांधले. ओळंबा लावून कोपरे तपासले, गिलावा केला, त्यावर गेरूसारखा रंग दिला आणि पुढच्या बाजूला पणतीसाठी कोनाडाही ठेवला. तुळस मात्र कुंडीतच आहे, कारण थंडीत ती घरात घ्यावी लागते.

गेल्या आठवड्यात सर्टिफाइड मेलने पत्र आले. त्यात वृंदावनाचा उल्लेख ‘परवानगीशिवाय ठेवलेली बागेतील शोभेची वस्तू’ असा आहे, ते ठरावीक मुदतीत न काढल्यास दंड लागेल असे म्हटले आहे, आणि पुरावा म्हणून एक छायाचित्र जोडले आहे. ते चालत्या गाडीतून काढलेले असावे, कारण एका कोपऱ्यात गाडीचा आरसा दिसतो. वृंदावनासमोर तांब्या घेतलेले माझे सासरे पाठमोरे उभे आहेत.

यजमानांचे म्हणणे असे की वाद नको, काढून टाकू. सासरे विचारतात, “घर आपले, जमीन आपली, तर तुळशीला परवानगी कोणाची?” मला याचे उत्तर देता आले नाही. टेक्ससमध्ये धार्मिक प्रतीकांना कायद्याचे संरक्षण आहे असे ऐकले आहे. ते कलम दाखवून उत्तर लिहावे, की उशिरा का होईना, परवानगीचा अर्ज करावा?

प्रतिसाद : काजवा (ह्यूस्टन परिसर)

कलमाचा विचार नंतर करा, आधी पाकिटावरची तारीख पाहा. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या (राज्याच्या मालमत्ता कायद्याच्या) प्रकरण २०९ प्रमाणे, दंड लावण्यापूर्वी एचओएला सर्टिफाइड मेलने नोटीस द्यावी लागते आणि तुम्हाला बोर्डापुढे, म्हणजे एचओएच्या कार्यकारिणीपुढे, सुनावणी मागता येते. मात्र ही मागणी नोटीस टपालात पडल्याच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते. तुमच्या हाती पत्र आल्याचा दिवस इथे मोजत नाहीत, आणि याच ठिकाणी अनेकांची गफलत होते. आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी पोस्टाची चिठ्ठी दारावर दोन आठवडे तशीच राहू दिली आणि नंतर ‘आम्हाला कळवलेच नाही’ असे सांगत बसले.

सुनावणीची मागणी लेखी करा आणि तीही सर्टिफाइड मेलनेच पाठवा. मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांना सुनावणी घ्यावी लागते. २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे, ते जे कागद आणि छायाचित्रे सुनावणीत मांडणार असतील, ती सुनावणीच्या किमान १० दिवस आधी तुम्हाला देणे बंधनकारक झाले आहे. दिली नाहीत तर तुम्हाला १५ दिवसांची मुदतवाढ आपोआप मिळते. दंडाचे लेखी धोरण आणि दरांचा तक्ता असणेही आता आवश्यक आहे. तो मागवून घ्या.

एक गोष्ट मात्र रागाच्या भरात करू नका : वार्षिक ड्यूज (एचओएची वर्गणी) थांबवू नका. केवळ दंडाच्या थकबाकीपोटी टेक्ससमधील एचओए घर लिलावात काढू शकत नाही, परंतु ड्यूजच्या थकबाकीपोटी ती कारवाई होऊ शकते.

प्रतिसाद : जुनीपाटी (ऑस्टिन परिसर)

मी आमच्या वसाहतीच्या बोर्डावर चार वर्षे होते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. हे काम बिनपगारी असते. चारशे घरांच्या वसाहतीत वार्षिक सभेला पंधरा माणसे आली तर आम्ही धन्यता मानत असू. पत्रे धाडण्याचे काम मॅनेजमेंट कंपनी करते. तिचा माणूस महिन्यातून दोनदा गाडीतून फेरी मारतो, खिडकीतून छायाचित्र काढतो आणि फोनवरच्या यादीतील जवळचा प्रकार निवडतो. त्या यादीत वृंदावन नसते, ‘शोभेची वस्तू’ असते. त्यामुळे पत्रातील शब्द मनाला लावून घेऊ नका. बोर्डावरील पाचजणांना तुमच्या घरापुढे नेमके काय आहे, याची बहुधा कल्पनाही नसेल.

आता कायद्याविषयी. तुम्ही ऐकलेले कलम म्हणजे त्याच प्रॉपर्टी कोडचे २०२.०१८. पूर्वी त्यात फक्त दाराला किंवा चौकटीला लावलेल्या, २५ चौरस इंचांपर्यंतच्या धार्मिक वस्तूंना संरक्षण होते. म्हणजे एखादे छोटे स्वस्तिक बसेल, पण भरघोस तोरण बसणार नाही, इतकीच जागा. २०२१ साली ही मर्यादा गेली आणि मालकाने प्रामाणिक श्रद्धेपोटी आपल्या घरावर वा आवारात मांडलेल्या धार्मिक वस्तूंना सामान्यतः मनाई करता येणार नाही, असे ठरले. इथवर वाचून लोक आनंदाने कलम छापून पाठवतात आणि खालचे अपवाद वाचत नाहीत. त्या अपवादांत बिल्डिंग लाइन (जिच्यापुढे रस्त्याकडे बांधकाम करता येत नाही ती रेषा), सेटबॅक (हद्दीपासून मोकळे सोडायचे अंतर), रस्त्याची हद्द आणि ईझमेंट (इतरांच्या वापरासाठी राखलेली जागा) यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वस्तू त्यांपैकी कशाचेही उल्लंघन करत असेल, तर एचओए हरकत घेऊ शकते.

तुम्ही लिहिले आहे की वृंदावन पदपथापासून आठ फुटांवर आहे आणि ब्लॉक रचून, गिलावा करून बांधलेले आहे. मला काळजी वाटते ती याची. घर घेताना मिळालेला सर्व्हेचा नकाशा काढा. त्यावर रस्त्याला समांतर अशी एक तुटक रेघ असेल. ती बिल्डिंग लाइन. पुष्कळ वसाहतींत ती पुढच्या हद्दीपासून २० ते २५ फूट आत असते, आणि पुढच्या पट्ट्यात वीज, पाणी व केबल यांसाठी ईझमेंट राखलेले असते. तसे असेल तर तुमचा धर्माचा मुद्दा बरोबर असूनही जागेचा मुद्दा चुकलेला असेल, आणि बोर्डाचा वकील त्यावरच बोट ठेवेल. कुंडी ठेवणे आणि बांधकाम करणे यांत फरक आहे, असा युक्तिवाद करता येईल. परंतु तुमच्या सासऱ्यांनी काम इतके नेटके केले आहे की त्याला कुंडी म्हणणे कठीण आहे.

प्रतिसाद : सातूचेपीठ (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

इतर राज्यांतील वाचकांनी वरील उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू आहे असे समजू नये, एवढ्यासाठीच लिहितो. आमच्याकडे २०२० पासून धार्मिक वस्तूंना जे संरक्षण आहे, ते प्रवेशद्वार आणि त्याची चौकट यांच्यापुरते आहे आणि आकाराचीही मर्यादा आहे. तोरण त्यात येईल, अंगणातील वृंदावन येणार नाही. उलट, कपडे वाळत घालण्याच्या बाबतीत आम्ही सुखी आहोत : २०१६ पासून मालकाच्या स्वतःच्या बॅकयार्डात दोरी बांधायला सरसकट बंदी करता येत नाही. बाल्कनीच्या कठड्याला मात्र दोरी मानत नाहीत, हे माझ्या आईला अजूनही पटलेले नाही.

प्रतिसाद : ठामपणे (नॉर्थ कॅरोलायना)

मत कटू वाटेल, पण लिहितो. सही तुम्ही केली आहे. शेजाऱ्याने जुनी बोट दारात आणून ठेवली असती, तर याच नियमांचा आधार तुम्हीही घेतला असता. नियम सर्वांसाठी असतात आणि ‘आमचे श्रद्धेचे आहे’ म्हणून प्रत्येकाने सवलत मागितली तर वसाहत चालणार नाही.

प्रतिसाद : जुनीपाटी

सहीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो पुरता नाही. अमेरिकेतील अनेक जुन्या वसाहतींच्या डीडमध्ये गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकू नये, असेही कलम होते आणि त्याखालीही सह्या होत्याच. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी कागदावर ती कैक ठिकाणी अजून दिसतात. डीडमध्ये लिहिलेले सगळेच टिकते असे नाही.

अंगणवेल यांच्या सासऱ्यांच्या प्रश्नालाही थोडे उत्तर देते. पुण्यामुंबईच्या सहकारी सोसायटीत आपण सभासद असतो आणि तंटा झाला तर उपनिबंधकाकडे जाता येते. इथे घर आणि जमीन खरोखर तुमची असते, परंतु निर्बंध त्या जमिनीलाच चिकटलेले असतात, मालक बदलला तरी सुटत नाहीत. टेक्ससमध्ये एचओएवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते नाही. बोर्डाशी जुळले नाही तर शेवटी न्यायालयच उरते. म्हणून सुनावणीत समजुतीने जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असे मला अनुभवाने वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : अंगणवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुनावणीची मागणी नोटिशीच्या सतराव्या दिवशी सर्टिफाइड मेलने रवाना केली आणि पोचपावती फाइलला लावली.

काल रात्री सर्व्हेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. बिल्डिंग लाइन पुढच्या हद्दीपासून २५ फुटांवर आहे आणि पुढचे १० फूट ईझमेंटचे आहेत. म्हणजे वृंदावन दोन्हींच्या कचाट्यात सापडले आहे. ही गोष्ट सासऱ्यांना कशी सांगावी या विचारात मी असतानाच त्यांनी चष्मा लावून स्वतःच नकाशा ओढून घेतला, त्या तुटक रेघेवर नख ठेवले आणि म्हणाले, “ही तर इमारत रेषा. आधी का नाही दाखवलीस?” रस्त्याकडेच्या इमारत रेषेत आलेले किती ओटे आणि पायऱ्या त्यांनी नोकरीत काढायला लावल्या, याच्या हकिकती मग अकरा वाजेपर्यंत चालल्या. परवानगी कोणाची, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. नकाशा आधी न पाहिल्याबद्दल मात्र आम्हा दोघांना बरेच ऐकावे लागले.

आता असे ठरले आहे की लॉनमधील वृंदावन आम्ही स्वतःहून काढू, आणि पोर्चमध्ये, म्हणजे बिल्डिंग लाइनच्या आत, दाराच्या डाव्या हाताला, हलवता येईल असे नवे वृंदावन ठेवू. त्याचा अर्ज कलम २०२.०१८ चा उल्लेख करून आर्किटेक्चरल समितीकडे (घराच्या बाह्यरूपातील बदलांना मंजुरी देणारी एचओएची समिती) पाठवते आहे. सासऱ्यांनी मोजमापांसह आराखडा काढून दिला आहे : सव्वादोन फूट उंची, लाकडी सांगाडा, त्यावर सिमेंटचे पातळ तक्ते आणि तळाला चार चाके.

एकच शंका उरली आहे. अर्जात रंग लिहावा लागतो. वसाहतीच्या मंजूर यादीत गेरू अर्थातच नाही. जवळचा म्हणून ‘टेराकोटा’ आहे, तो थोडा नारिंगीकडे झुकतो. तोच लिहावा, की यादीबाहेरचा रंग मागावा?

प्रतिसाद : जुनीपाटी

टेराकोटाच लिहा, आणि आराखड्यासोबत पोर्चचे छायाचित्र व नकाशाची प्रत जोडा. समितीने नकार दिला तर तो त्यांना लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो, आणि त्यावरही ३० दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते. सासऱ्यांच्या परतीचे तिकीट कधीचे आहे, ते मात्र आधी पाहा. समित्यांची बैठक बहुधा महिन्यातून एकदाच होते.