जिप्सीचं किट मागणं हा 'भावनिक हट्ट' कसा काय?

कोलारा_गेट:
काल 'स्कायलाइन_वेडा' यांनी लिहिलं की, जपानच्या शिझुओका हॉबी शोत दर मे महिन्यात जोडायच्या प्लॅस्टिक गाड्यांच्या नव्या किटांची यादी येते, तिच्यात जिप्सी किंवा अँबेसेडर दिसेल अशी आशा ठेवणं हा आपला भावनिक हट्ट आहे. मूठभर लोकांसाठी कोणी साचा कापत नाही, टामिया या जपानी किट कंपनीने आणखी एक पोर्शे काढली तर ती गुपचूप घ्यावी. ते 'गुपचूप' मला रात्रभर टोचलं, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

जिप्सी म्हणजे लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, सुझुकी जिम्नीच. जपानच्याच हासेगावा कंपनीने १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या मापात, जेए७१ आणि जेए११ या दोन्ही जुन्या जिम्नी काढल्या आहेत. म्हणजे बोनेट, दारं, समोरची काच, पाटे, ॲक्सल हे सगळं साच्यात आधीच आहे. छोट्या जिम्नीचा व्हीलबेस २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक ३४५ मिमीचा. त्याला २४ ने भागा, साडेचौदा मिलिमीटरही भरत नाहीत. सगळं नव्याने कापायला कोण सांगतंय? मागचं अंग आणि चेसिस, एवढंच मागतोय.

आणि जपानमध्ये याला गिऱ्हाईक नाही असं कोण म्हणतं? गुरुग्रामला बनलेली पाच दारांची जिम्नी २०२५ च्या जानेवारीअखेर तिकडे नोमाड नावाने जाहीर झाली. चार-पाच दिवसांत ५०,००० च्या आसपास बुकिंग आलं आणि सुझुकीला ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. भारतात बनलेली लांब जिम्नी जपानी माणसाला हवी आहे, तर १९८५ पासून २०१९ पर्यंत आपल्याकडे बनलेली तिची थोरली बहीण काहून नको?

माझा मामा ताडोबाच्या कोलारा गेटवर जिप्सी चालवतो. सहा पर्यटक, गाईड आणि तो. मागचा बाक पुढच्यापेक्षा उंच, वर पाइपाचं रेलिंग. त्या रेलिंगचा हिरवा रंग हाताच्या उंचीवर घासून लोखंड उघडं पडलंय, कारण वाघ दिसला की सगळे तिथेच पकडून उभे राहतात. मला ते घासलेलं रेलिंग १/२४ मध्ये करायचं आहे. दोन वर्षं वाट पाहिली, शेवटी जेए११ चं अंग दाराच्या मागे कापलं आणि प्लॅस्टिक शीट घालून लांब केलं. फोटो खाली टाकला आहे.

स्कायलाइन_वेडा:
व्हीलबेस सांगितला, रुंदी गाळली. जेए११ ही केई गाडी आहे, म्हणजे जपानी नियमातली सगळ्यात छोट्या गटातली. १९९८ पर्यंत तिकडच्या नियमात केई गाडीची रुंदी १४०० मिमीच्या आत बसवावी लागायची. जिप्सी त्याहून रुंद आहे. म्हणजे समोरचा भागही तसाच्या तसा चालणार नाही. अर्धं गणित मांडून कंपनीला शहाणपण शिकवू नका.

नोमाडचं म्हणाल तर ती शोरूममध्ये उभी असलेली नवी गाडी आहे, म्हणून तिला गर्दी. जिप्सी तिथे कोणी पाहिलेलीही नाही. किट माणूस ओळखीच्या गाडीचं घेतो. मी १९९९ पासून किट जोडतोय. पहिलं किट घ्यायला नागपुरात सीताबर्डीवर तीन महिने चकरा मारल्या होत्या, शेवटी मुंबईहून कोणीतरी आणून दिलं. तेव्हापासून बघतोय, 'आपली गाडी हवी' म्हणून ओरडणारे बहुतेक जण शोकेसमध्ये डायकास्ट, म्हणजे धातूच्या तयार गाड्या, लावतात. स्प्रूला, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीला, कटर लावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कोलारा_गेट:
जिप्सीची जास्तीची रुंदी मुख्यतः चाकांवरच्या कमानींत आणि ट्रॅकमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतरात, आहे. कमानी नव्या लागतील, हे मान्य. बाकी मान्य नाही. आणि मी कटर लावलेला आहे, फोटो बघा.

रविभवन:
जिप्सी राहू द्या, अँबेसेडरचं बोला. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीनवरून उतरलेली गाडी २०१४ पर्यंत कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनत होती. एकाच ढाच्यावर पन्नासहून जास्त वर्षं! १/२४ मध्ये तिचं धड किट मला आजवर मिळालेलं नाही. रेव्हेल या किट कंपनीने ट्रबांट ६०१ या गाडीचं १/२४ किट काढलं. ट्रबांट काही शर्यतीची गाडी नव्हती. पूर्व जर्मनीतल्या लोकांनी तिच्यात संसार केला, एवढीच तिची पुण्याई. मग अँबेसेडरमध्ये आपण काय केलं?

आमचं घर नागपुरात सिव्हिल लाइन्सला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनाकडे पांढऱ्या अँबेसेडरची रांग लागायची. शाळेतून येताना मी लाल दिवे मोजायचो. दिवे २०१७ च्या मे महिन्यात गेले, गाड्या त्याच्या आधीच कमी झाल्या. मला ती एक गाडी हवी आहे: पांढरी, मागच्या काचेला पडदे, सीटवर टर्किशचे टॉवेल. भावनिक म्हणा. आहेच भावनिक.

स्कायलाइन_वेडा:
ट्रबांटला युरोपभर बाजार आहे, आणि तिथला माणूस किटवर पैसे खर्च करतो. आपल्याकडे तो बाजार कुठे आहे?

पार्सल_अडकलं:
बाजार होईल कसा? खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०. डब्यावर '१४ वर्षांवरील' छापलेलं असतं, पण कागदोपत्री आपलं किट आणि पोराची झुकझुक गाडी एकाच रांगेत. त्यात २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा. ती सक्ती १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे, हे मी पार्सल सोडवणाऱ्या कार्यालयात तीनदा सांगितलं. समोरचा माणूस डबा हलवून विचारतो, 'यात गाडी आहे ना? मग खेळणंच झालं.' सहा आठवड्यांनी डबा मिळाला, काचेच्या भागांचा स्प्रू मधून तुटलेला. आता सांगा, या वाटेने किती लोक चालतील? आणि रंगाचे स्प्रे कॅन तर साध्या हवाई पार्सलने येतच नाहीत, ज्वालाग्राही म्हणून.

सकाळी_सहा:
फोटो पाहिला. जोड चांगला आहे, पण बोनेटवर पांढरट झाक आहे. कूलरसमोर फवारलं का?

कोलारा_गेट:
दोन महिने रात्री जागून अंग कापलं, मामाबद्दल लिहिलं, आणि तुम्हाला बोनेटच दिसलं?

सकाळी_सहा:
दिसलं म्हणून सांगितलं, भाऊ. राग येऊ देऊ नका. मीच अशा चार गाड्या घालवल्या आहेत. लॅकर रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवेत कूलरचा ओलावा असला की तो त्या थंड रंगावर बसतो आणि रंग दुधाळ होतो. कूलरला नवीन गवताच्या ताट्या लावलेल्या असतील तर विचारूच नका. हा रंगाचा दोष नाही.

रविभवन:
मग मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून फवारायचं का? पारा ४५ वर असताना?

सकाळी_सहा:
बंदच. आणि कूलर बंद केला की दुसरं दुखणं सुरू होतं. हवा इतकी कोरडी असते की रंग नोझलमधून निघून अंगापर्यंत पोहोचायच्या आत सुकतो. बोट फिरवलं तर पॉलिशपेपरसारखं लागतं. म्हणून मी पहाटे उठतो. सहा वाजता गच्चीच्या खोलीत, दार लावून, रंग हळू सुकवणारं लेव्हलिंग थिनर नेहमीपेक्षा जास्त, एअरब्रश जवळ धरून. साडेसातला काम थांबवायचं.

स्कायलाइन_वेडा:
पहाटेचं मलाही पटत नव्हतं, पण खरं आहे. मी एसीच्या खोलीत फवारायचो. घरच्यांना वासाने खोकला सुरू झाला, तेव्हा सोडलं. आता मे-जूनमध्ये मी रंगाला हातच लावत नाही. फक्त जोडणी आणि पुट्टी.

पार्सल_अडकलं:
पावसाळ्यात तेच. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर मधेच थेंब उडतो. माझ्या पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या रंगावर बरोबर छपराच्या मधोमध उडाला होता.

रविभवन:
तुमच्याकडे पद्मिनी आहे? कुठल्या किटवरून?

पार्सल_अडकलं:
किट नाही. रेझिनचं अंग, एका मित्राने हाताने ओतलेलं. दारं सरळ बसत नाहीत. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००च, म्हणून तर इटालेरी या इटालियन किट कंपनीने ती काढावी म्हणतो. त्यांनी फियाट ५०० काढली, मग ही का नाही? डिकल, म्हणजे अंगावर चिकटवायची चिन्हं, बदलली की इटलीतली ती इटलीत आणि मुंबईची टॅक्सी मुंबईत.

स्कायलाइन_वेडा:
हा मुद्दा मला पटतो. मूळ गाडी तिकडची असेल तर कंपनीला दोन्हीकडे विकता येईल. काल मी अँबेसेडर आणि जिप्सी एकाच दमात लिहिलं, ते चूक होतं. जिप्सीची शक्यता अँबेसेडरपेक्षा जास्त आहे. पण तुम्ही लोक दरवर्षी मे महिन्यात यादी बघून जे रडगाणं लावता, ते मला अजूनही नको वाटतं. मागायचं तर कंपनीला लिहून मागा. नीट, मापांसकट.

कोलारा_गेट:
लिहिलं आहे. मामाच्या गाडीची मापं घेऊन, टेप धरून, चेसिसखाली आडवं होऊन. ३७ फोटो जोडले. उत्तर आलेलं नाही.

रविभवन:
ती मापं इथे टाका. अँबेसेडर नाही तर नाही, निदान जिप्सी तरी मी करीन.

सकाळी_सहा:
बोनेटचं आधी करा. रंग खरवडू नका. उद्या पहाटे त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका हात मारा. रंग परत ओला होतो, अडकलेला ओलावा निघतो आणि झाक बहुतेक वेळा जाते. जास्त मारलंत तर ओघळ येईल.

कोलारा_गेट:
पहाटे बघतो. मघाशी चिडून बोललो, सकाळी_सहा, मनावर घेऊ नका.

स्कायलाइन_वेडा:
एक विचारायचं होतं. दाराच्या मागे जोडायला शीट किती जाडीची घेतली? माझ्याकडे एक जेए७१ न उघडलेली पडली आहे.

कोलारा_गेट:
१ मिमीची. आतून अर्ध्या मिमीची पट्टी जोडावर आडवी चिकटवा आणि एक रात्र तशीच राहू द्या. लगेच पुट्टी भरली तर प्रायमरनंतर रेघ वर येते, माझी आली होती. आणि कापायच्या आधी चेसिस अंगाला लावून दोन्हीवर एकदमच खूण करा.