चेअरमनचं दुसरं मत

(घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. रविवारच्या सर्वसाधारण सभेनंतरची सोमवार सकाळ.)

प्रशांत, बी-३०४: काल एक गोष्ट डोक्यात शिरली नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटच्या ठरावाला बाजूने २१, विरोधात २१. त्या बाजूच्या २१ मध्ये सावंत साहेबांचा हात होताच. मग "टाय झाला" म्हणून त्यांनी परत मत दिलं. एका माणसाची दोन मतं कशी?

सावंत (चेअरमन), ए-१०१: प्रशांतराव, सहकार कायद्याचं कलम २७ काढून वाचा. मतं समसमान पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत आहे. मी घरचं काही केलेलं नाही.

वैशाली, सी-७०२: घरचं नाही साहेब, घराजवळचं. पॉइंट तुमच्याच गाडीच्या शेजारी येतोय ना?

सावंत (चेअरमन), ए-१०१: मीटर रूम तिथे आहे म्हणून. केबल कमी लागते. कोटेशन सगळ्यांनी बघितलंय.

नितीन, बी-६०३: अहो विधान परिषदेत पण असंच असतं. अध्यक्ष दोनदा मत देतो.

जोशी काका, ए-५०२: नितीन, दोन चुका एका वाक्यात. विधानसभेला अध्यक्ष, परिषदेला सभापती. आणि दोनदा मत दोघांनाही नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं विधान भवनात प्रतिवेदक म्हणून गेली, सभागृहातला शब्द न् शब्द उतरवायचं काम. टाइप करायला वेळ लागतो, थांबा.

डी-२०१: वरच्या टाकीत पाणी नाही. टँकर आला का?

जोशी काका, ए-५०२: घटनेचं कलम १८९. सभापती पहिल्या फेरीत मत देतच नाही. बरोबरी झाली तरच द्यायचं, आणि तेव्हा मात्र द्यावंच लागतं, अंग काढून घेता येत नाही. आपल्या सहकार कायद्यात चेअरमन आधी सभासद म्हणून मत देतो, मग बरोबरीत आणखी एक. म्हणजे सावंत कायद्याने बरोबर आहेत.

सावंत (चेअरमन), ए-१०१: धन्यवाद काका.

प्रशांत, बी-३०४: सभापती म्हटलं की मला महापालिकेची स्थायी समितीच आठवते.

जोशी काका, ए-५०२: ते वेगळे. पण परिषदेची खुर्ची ठाण्याला परकी नाही. आपले वसंत डावखरे बरीच वर्षं उपसभापती होते. त्याआधी ठाण्याचे महापौर.

वैशाली, सी-७०२: पण काका, परिषदेला तसा अधिकार काय? एखादं विधेयक धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं, आहे की नाही ते विधानसभेचे अध्यक्ष ठरवणार. परिषदेने ते १४ दिवसांत परत पाठवायचं. साधं विधेयकही काही महिनेच अडवता येतं. मग सभापती नुसतं "बसा, खाली बसा" म्हणायला?

जोशी काका, ए-५०२: वैशाली वहिनी, ते "खाली बसा" मी हजारदा लिहिलंय. पुढे कंसात (गोंधळ). पण त्या आधीचं कुणाला दिसत नाही. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना, कुठली घ्यायची, हरकतीच्या मुद्द्यावर निर्णय काय द्यायचा, कुठला शब्द कामकाजातून काढायचा, हे सगळं तिथून ठरतं. पक्ष बदलला म्हणून कुणाला अपात्र ठरवायची याचिका आली तर परिषदेच्या सदस्यांपुरती सुनावणीही सभापतींकडेच. ७८ सदस्य. ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांचे, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालनियुक्त. प्रत्येकाला वाटतं आपल्याला आधी बोलायला मिळावं. आणि वि. स. पागे बघा. १९६० ते १९७८, अठरा वर्षं सभापती. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र ओळखतो तो त्याच माणसाला.

नितीन, बी-६०३: राज्यसभेत तर उपराष्ट्रपतीच सभापती. सध्याचे सी. पी. राधाकृष्णन आधी आपलेच राज्यपाल होते.

जोशी काका, ए-५०२: बरोबर. पण उपराष्ट्रपती राज्यसभेचे सदस्य नसतात, बाहेरून येऊन बसतात. इथे सभापती सदस्यांतूनच निवडायचा, म्हणून आमदारकी संपली की खुर्चीही गेली. जुलै २०२२ मध्ये रामराजे नाईक निंबाळकरांची मुदत संपली. मग थेट १९ डिसेंबर २०२४ ला राम शिंदे बिनविरोध आले. मधली जवळजवळ अडीच वर्षं उपसभापती नीलम गोऱ्हे यांनीच सभागृह चालवलं.

ॲडमिन: कृपया ग्रुपवर राजकारण नको.

जोशी काका, ए-५०२: राजकारण नाही हो, कामकाज सांगतोय. आणि मूळ मुद्दा राहिलाच. सभापतींना हटवायचा ठराव आला तर १४ दिवसांची नोटीस लागते. मार्च २०१५ मध्ये शिवाजीराव देशमुखांविरुद्ध असा ठराव मंजूर झाला होता. त्या चर्चेच्या वेळी सभापतीने खुर्चीवर बसायचं नसतं. सभागृहात हजर राहता येतं, बोलता येतं. कलम १८५. पण गंमत पुढे आहे. एरवी पहिल्या फेरीत मत नाही आणि बरोबरीत आहे. त्या दिवशी बरोबर उलटं: पहिल्या फेरीत साध्या सदस्यासारखं मत देता येतं आणि बरोबरी झाली तर निर्णायक मत नाही. विषय स्वतःचा असला की हातोडा दुसऱ्याच्या हातात.

डी-२०१: टँकर??

वॉचमन केबिन: आला मॅडम, पाइप लावतोय.

प्रशांत, बी-३०४: पार्किंगशेजारचा पॉइंट म्हणजे स्वतःचाच विषय की.

वैशाली, सी-७०२: मी काही बोलत नाही.

*(दुपारी २ वाजता)*

सावंत (चेअरमन), ए-१०१: माझं मत वैध होतं, ते इतिवृत्तात तसंच राहील. पण कमिटीला विचारून हा विषय पुढच्या सभेत पुन्हा ठेवतो. तेवढ्यापुरतं मी खाली बसेन. काका, तुम्ही अध्यक्षस्थानी या.

जोशी काका, ए-५०२: मी नको. आमच्या चिरंजीवांनी परवाच इलेक्ट्रिक स्कूटर बुक केलीय. वैशाली वहिनींना बसवा. इतिवृत्त मी लिहितो, सवय आहे.

वैशाली, सी-७०२: मला? मी तर विरोधात मत दिलंय!

जोशी काका, ए-५०२: मग या वेळी पहिल्या फेरीत हात खाली.