मदत हवी आहे: फोटोतला ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिक कॅप्टन की हवालदार?

व्हिएन्नाच्या नाशमार्क्टजवळच्या शनिवारच्या जुन्या बाजारात हा फोटो घेतला. कॉलरवर एडेलवाइसचं फूल दिसतंय, म्हणजे टायरोलची डोंगरी पलटण असावी. घोडं अडलंय ते कॉलरवरच्या हुद्द्याच्या ताऱ्यांपाशी. तीन तारे हाउप्टमनचे, म्हणजे कॅप्टनचेही असतात आणि त्सुग्सफ्युररचे, म्हणजे हवालदाराच्या दर्जाचेही. अधिकाऱ्याचे तारे जरीकामाचे, खालच्यांचे पांढऱ्या सेल्युलॉइडचे. कृष्णधवल फोटोत हा फरक कसा ओळखायचा?

छातीवर त्रिकोणी फितीत क्रॉस आहे. तो कार्ल ट्रुपेनक्रॉइत्स, म्हणजे सम्राट कार्लने तेव्हा सुरू केलेलं आघाडीवरच्या सैनिकांचं पदक असेल, तर फोटो डिसेंबर १९१६ नंतरचा ठरतो. पण टोपीवर आधीचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याची आद्याक्षरं आहेत, आणि तो तर नोव्हेंबरातच वारला! जुनं चिन्ह पुढेही वापरत असतील का? जाणकारांनी कृपया सांगा. या माणसाला निदान त्याचा हुद्दा तरी परत मिळावा, असं मनापासून वाटतं.